सर्व्हरवर विंडोज नव्यानं मारली आणि ड्राइव्हची अक्षरं फिरली: आता काय करायचं

सर्व्हरवर विंडोज नव्यानं मारली की पहिला फोन बहुतेक अकाउंट्समधून येतो. "आवं, टॅलीत कंपनीच दिसंना झालीया!" दुसरा ड्रॉइंग सेक्शनमधून. दोघांचाही डेटा जागेवर असतो. बदललेलं असतं ते फक्त ड्राइव्हचं अक्षर. पण त्या घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं, तर 'फक्त अक्षर'चं 'सगळा डेटा' व्हायला वेळ लागत नाही.

विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ या दोन्हींचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इकडच्या ऑफिसांत असे सर्व्हर अजून सापडतात, आणि ते एकेक करून २०१९ किंवा २०२२ वर न्यायचं काम बऱ्याचदा नुकत्याच कामाला लागलेल्या मुलाकडे येतं. हा लेख त्याच्यासाठी आहे. कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत करायच्या.

अक्षर राहतं कुठे

डी, ई, एफ ही अक्षरं डिस्कवर लिहिलेली नसतात. ती विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंगच्या साठ्यात असतात, 'सिस्टम'खालच्या 'माउंटेड डिव्हायसेस' या नोंदीत. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी तिथे डिस्कची चार बाइटची सही आणि पार्टिशन कुठून सुरू होतं तो आकडा असतो. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कसाठी पार्टिशनचा स्वतःचा लांबलचक आयडी असतो. विंडोज नव्यानं टाकली की ही नोंद कोरी होते. नवा तलाठी जुनं दप्तर न घेताच गावात हजर झाला आणि दिसेल त्या क्रमानं जमिनींना गट नंबर देत सुटला, तसा हा प्रकार. जमीन तीच, बांध तेच, नंबर मात्र वेगळे.

आता एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. उद्यमनगरातली एक फाउंड्री. सर्व्हरमध्ये सी वर विंडोज. रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच प्रत राहील अशा जोडलेल्या दोन डिस्कवर दोन पार्टिशन: डी वर हिशेब, ई वर पॅटर्न आणि कास्टिंगची ड्रॉइंग. वेगळ्या एका डिस्कवर एफ, म्हणजे बॅकअप. नवी विंडोज टाकताना डेटाच्या डिस्क काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे डी हे अक्षर डीव्हीडी ड्राइव्हनं पटकावलं. डिस्क परत जोडल्यावर हिशेब झाला ई, ड्रॉइंग झाली एफ, बॅकअप गेला जी वर. सगळं एकेक घर पुढे सरकलं.

आणि खरा धोका इथे आहे. ड्राइव्ह गायब असेल तर प्रोग्रॅम ओरडतो, एरर देतो, कुणीतरी फोन करतं. ड्राइव्ह चुकीचा असेल तर कुणीच ओरडत नाही. या फाउंड्रीत रोज रात्री रोबोकॉपी या विंडोजच्याच कॉपी करायच्या कमांडनं डी ची हुबेहूब प्रत एफ वर घेतली जायची, 'मिरर' स्विच लावून. मिरर म्हणजे जे मूळ जागी नाही ते दुसऱ्या जागेवरून पुसायचं. आता डी म्हणजे डीव्हीडी आणि एफ म्हणजे ड्रॉइंग. विंडोजची डीव्हीडी ट्रेमध्येच राहिली असेल आणि कुणी जुनं टास्क जसंच्या तसं इम्पोर्ट केलं, तर रात्रीतून ड्रॉइंगच्या जागी विंडोजचं सेटअप येऊन बसेल, तेही कुठलीच तक्रार न करता. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी अक्षरं, मग शेअर, मग सॉफ्टवेअर, आणि शेड्यूल केलेली टास्क सगळ्यात शेवटी.

जुनी विंडोज अजून चालू असेल तर

मग तुम्ही नशीबवान आहात. डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि त्या खिडकीचा मोबाइलवर फोटो घ्या. स्क्रीनशॉट त्याच सर्व्हरच्या डेस्कटॉपवर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तो डेस्कटॉप सी ड्राइव्हसोबतच जाणार असतो.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्टवर प्रत्येक ड्राइव्हसाठी ही कमांड द्या:

व्हॉल डी:

उत्तरात व्हॉल्यूमचं नाव आणि मधे आडवी रेघ असलेला आठ आकडी-अक्षरी सिरियल नंबर येतो. हा नंबर त्या पार्टिशनवरच असतो. विंडोज बदलली तरी तो बदलत नाही, फॉरमॅट मारला तरच बदलतो. तो कागदावर उतरवून घ्या. शेजारी अक्षर, साइज आणि आत काय आहे ते लिहा. साइजवरून ओळखेन असं म्हणू नका. एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्कची साइज सारखीच असते.

व्हॉल्यूमला नाव नसेल तर याच वेळी देऊन टाका: हिशेब, ड्रॉइंग, बॅकअप. 'न्यू व्हॉल्यूम' नावाचे तीन ड्राइव्ह असलेला सर्व्हर म्हणजे पुढच्या माणसाला दिलेला शाप आहे.

शेअर केलेल्या फोल्डरांची यादी रजिस्ट्रीत 'लॅनमॅन सर्व्हर'खाली 'शेअर्स' या नोंदीत असते. ती एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. टास्क शेड्यूलरमधली टास्कही एक्सपोर्ट करा. 'माउंटेड डिव्हायसेस'ची नोंद मात्र एक्सपोर्ट करून नव्या विंडोजमध्ये इम्पोर्ट करायचा मोह टाळा. काही जण हा शॉर्टकट सांगतात. पण तिच्यात जुन्या सी ची ओळखही असते, आणि सी चं पार्टिशन नव्यानं केलं असेल तर मशीन सुरू व्हायचीच पंचाईत होते. तीन-चार अक्षरं हातानं बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेला असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवी विंडोज डेटाचा ड्राइव्ह आपोआप उघडणार नाही, ती की मागणार.

जुनी विंडोज आधीच गेली असेल तर जुनी अक्षरं शोधायला थोडी हेरगिरी करावी लागते. टॅलीच्या फोल्डरमधल्या टॅली डॉट आयएनआय फाइलमध्ये डेटाचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो. जुन्या बॅच फाइल, डेटा ड्राइव्हवर राहिलेल्या लॉग फाइल, सर्व्हरवरच्या जुन्या शॉर्टकटची प्रॉपर्टी, सगळीकडे अक्षर सापडतं. आणि फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर विंडोज टाकली असेल तर सी वर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर असतं. त्यातली जुनी सिस्टम रजिस्ट्री 'रेग लोड' कमांडनं वेगळ्या नावाखाली उघडून वाचता येते. आणि हो, दिवाणजींना विचारायला लाजू नका. रोज तोच पाथ बघणाऱ्या माणसाला तो पाठ असतो.

सेटअप चालवताना

डेटाच्या डिस्क शक्य असेल तर काढून ठेवा. अक्षरं फिरतील, पण ती परत लावता येतात. सेटअपच्या यादीत चुकून डिलीट केलेलं पार्टिशन असं सहज परत येत नाही. सी आणि डेटा एकाच रेड व्हॉल्यूमवर असतील तर डिस्क काढायचा प्रश्नच नाही. तिथे सेटअपच्या यादीत नाव आणि साइज दोनदा वाचून मगच पुढे जा.

सेटअप डीव्हीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून मशीन बूट करून चालवा. तसं केलं की नव्या विंडोजचं पार्टिशन सी होतं. जुन्या चालू विंडोजच्या आतून सेटअप चालवून दुसऱ्या पार्टिशनवर विंडोज टाकली, तर तिला तेच जुनं अक्षर चिकटू शकतं आणि विंडोज ई वर राहायला जाते. तसं झालं तर ते अक्षर बदलायच्या भानगडीत पडू नका. रजिस्ट्रीत शेकडो ठिकाणी ते लिहिलं गेलेलं असतं. पुन्हा नीट बूट करून विंडोज टाकणं हाच कमी त्रासाचा मार्ग.

डिस्क जोडल्यावर पहिली नजर

मशीन बंद करून डिस्क परत जोडा, चालू करा, स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इथे पाच मिनिटं हात मागे घेऊन नुसतं बघा.

'यू मस्ट इनिशियलाइज अ डिस्क' अशी खिडकी आपोआप आली तर कॅन्सल. ज्या डिस्कवर तुमचा डेटा असायला हवा, तिला विंडोज 'नॉट इनिशियलाइज्ड' म्हणत असेल तर गडबड दुसरीकडे आहे: रेड कंट्रोलरचा ड्रायव्हर, केबल, किंवा कंट्रोलरनं डिस्कची जुनी रचना ओळखलेली नाही. त्या खिडकीत ओके दाबून काहीही सुधारत नाही. तसंच, 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असं आलं तरी कॅन्सलच.

'ऑफलाइन' दिसली तर घाबरायचं कारण नाही. सर्व्हरची विंडोज काही प्रकारच्या कंट्रोलरवरच्या नव्या डिस्क मुद्दाम ऑफलाइन ठेवते. डाव्या बाजूला जिथे 'डिस्क १' असं लिहिलंय तिथे राइट क्लिक, 'ऑनलाइन'. आधी मात्र ऑफलाइनचं कारण वाचा. 'सिग्नेचर कोलिजन' लिहिलं असेल तर त्या मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन क्लोन लागलेत. एसएसडीवर क्लोन केल्यावर जुनी डिस्क आतच विसरली की असं होतं. नक्की कोणती ठेवायची ते ठरवा आणि दुसरी काढा.

'फॉरेन' दिसली तर ती जुन्या मशीनवरची डायनॅमिक डिस्क आहे. राइट क्लिक केल्यावर 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स' आणि 'कन्व्हर्ट टू बेसिक डिस्क' असे दोन पर्याय जवळजवळ दिसतात. पहिला तुमचा. दुसरा डेटा घालवतो. सर्व्हर सुरू होताना रेड कंट्रोलरच्या पडद्यावरही 'फॉरेन' शब्द येतो, तिथेही इम्पोर्ट करायचं असतं, क्लिअर नाही.

शंभर एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन किंवा रिकव्हरी पार्टिशन दिसलं तर ते तसंच राहू द्या. कधीकधी त्यातल्या एखाद्याला अक्षर मिळून बसतं. ते नुसतं अक्षर काढायचं, पार्टिशन डिलीट करायचं नाही.

अक्षरं बदलायची

आता प्रत्येक ड्राइव्हवर पुन्हा 'व्हॉल' कमांड द्या आणि सिरियल नंबर कागदाशी ताडून बघा. कागद नसेल तर ड्राइव्ह उघडून आतले फोल्डर बघा. आता कुठला ड्राइव्ह कोण आहे हे पक्कं झालं.

आपल्या फाउंड्रीत सगळं एकेक घर सरकलंय. अशा वेळी सुरुवात रिकामं करायच्या अक्षरापासून करायची. डीव्हीडी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'चेंज', आणि यादीतून झेड. डी मोकळा झाला. मग हिशेब ई वरून डी वर. मग ड्रॉइंग एफ वरून ई वर. मग बॅकअप जी वरून एफ वर. दर वेळी विंडोज विचारते, काही प्रोग्रॅम चालणार नाहीत, चालेल का? इथे यस म्हणायचं, कारण अजून कुठलाही प्रोग्रॅम टाकलेलाच नाही. म्हणून तर आधी अक्षरं.

दोन ड्राइव्हची अदलाबदल झाली असेल तर तिसरं अक्षर मध्ये घ्यावं लागतं. डी ला तात्पुरतं टी करा, ई ला डी करा, टी ला ई करा. डीव्हीडी ड्राइव्ह मी कायम झेडवरच टाकतो, मग पुढे कधी नवी डिस्क लावली तरी ती मधे लुडबुड करत नाही.

डेस्कटॉप नसलेला सर्व्हर कोअर असेल किंवा माउसपेक्षा कीबोर्ड जवळचा वाटत असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर:

डिस्कपार्ट
लिस्ट व्हॉल्यूम
सिलेक्ट व्हॉल्यूम २
असाइन लेटर=डी
लिस्ट व्हॉल्यूम
एक्झिट

मधल्या २ च्या जागी तुमच्या यादीतला नंबर. हा नंबर कायमचा नसतो, पुढच्या वेळी बदलू शकतो, म्हणून दर वेळी 'लिस्ट व्हॉल्यूम' करूनच निवडायचं. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' नावाचीही एक कमांड आहे, ती एका झटक्यात निवडलेल्या डिस्कचं सगळं पार्टिशन टेबल पुसते आणि 'खरंच करू का?' असं विचारतही नाही. तुमच्या आजच्या कामात तिची गरज नाही.

पॉवरशेलमध्ये हेच काम एका ओळीत होतं: 'सेट-पार्टिशन', त्याला 'ड्राइव्ह लेटर' म्हणून आत्ताचं अक्षर आणि 'न्यू ड्राइव्ह लेटर' म्हणून हवं ते.

अक्षर बदलताना 'द पॅरामीटर इज इनकरेक्ट' आलं तर त्या ड्राइव्हवर पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल) आहे का बघा. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी. तिथे ती फाइल सी वर घ्या, रीस्टार्ट करा, मग बदला.

'सब्स्ट' कमांडनं तात्पुरतं अक्षर देऊन वेळ मारून नेणारेही आहेत. ते अक्षर फक्त लॉगिन केलेल्या त्या माणसापुरतं असतं, सर्व्हिसला ते दिसत नाही आणि रीस्टार्टला जातं. एखादा रिपोर्ट तातडीनं काढायचा असेल तर ठीक, सर्व्हरवर कायमचं नको.

इथे एकदा रीस्टार्ट करा आणि चारही अक्षरं जागेवर आहेत याची खात्री करा.

शेअर आणि परवानग्या

ऑफिसातल्या बाकी पीसींवर दिसणारा झेड किंवा एक्स हा नेटवर्क ड्राइव्ह असतो. त्याचा सर्व्हरमधल्या अक्षराशी थेट संबंध नसतो; तो सर्व्हरचं नाव आणि शेअरचं नाव यांवर चालतो. म्हणून नव्या विंडोजला जुनंच नाव द्या आणि शेअरची नावं जुनीच ठेवा, म्हणजे वीस पीसींवर फिरायचं वाचतं. एक्सपोर्ट केलेली 'शेअर्स'ची नोंद इम्पोर्ट करून सर्व्हर सर्व्हिस रीस्टार्ट केली की शेअर परत येतात, पण ती नोंद पाथ अक्षरासकट ठेवते. डी चा पाथ डी वरच सापडला पाहिजे.

डोमेन, म्हणजे सगळे यूझर एकाच सर्व्हरवरून सांभाळायची सोय, नसेल तर एक गोष्ट हमखास अडवते. नव्या विंडोजमध्ये तुम्ही 'अकाउंट्स' नावाचा यूझर पुन्हा केलात तरी विंडोजच्या लेखी तो नवा माणूस. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये जुना यूझर 'एस-१-५-२१' नं सुरू होणाऱ्या लांब आकड्यासारखा दिसतो. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन मालकी ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपकडे घ्या, आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू करा, मग नव्या यूझरना परवानगी द्या आणि ते आकडे काढून टाका. कंटाळून 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊ नका. एका पीसीवर रॅन्समवेअर आला तर तो त्याच दारानं आत शिरतो.

सॉफ्टवेअर

टॅली टाकल्यावर डेटाचा पाथ तपासा आणि कंपनी उघडून शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं आहे ते बघा. नुसती कंपनी दिसली म्हणून खूष होऊ नका. डेटा ड्राइव्हवर मागच्या वर्षीची कॉपी असलेलं दुसरं फोल्डर असतं, आणि टॅली तेही तितक्याच आनंदानं उघडतं.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर तीच किंवा त्यापेक्षा नवी आवृत्ती टाका. नव्या आवृत्तीतला डेटाबेस जुन्या आवृत्तीला जोडता येत नाही. डेटाबेसच्या एमडीएफ आणि एलडीएफ फाइली मॅनेजमेंट स्टुडिओतून 'अटॅच' करा. अक्षरं बदलायच्या आधीच कुणी एसक्यूएल टाकून डेटाबेस जोडला असेल, तर अक्षर बदलल्यावर तो 'रिकव्हरी पेंडिंग' दिसतो. फाइली मोडलेल्या नसतात, त्याला फक्त जुना पाथ माहीत असतो. त्याला फाइलींचा आत्ताचा पाथ द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

टास्क चालू करायच्या आधी

आता टास्क इम्पोर्ट करा, पण प्रत्येक 'डिसेबल' ठेवून. ट्रेमधली डीव्हीडी काढा. रोबोकॉपीची जी बॅच फाइल आहे तिची एक कॉपी करा आणि त्या कॉपीतल्या कमांडच्या शेवटी तिरकी रेघ देऊन एल हे अक्षर जोडा. या स्विचनं रोबोकॉपी काहीही कॉपी करत नाही, काहीही पुसत नाही, काय करेल त्याची फक्त यादी दाखवते. ती कॉपी हातानं चालवा आणि यादी नीट वाचा. नव्या आणि बदललेल्या थोड्या फाइली दिसल्या तर सगळं जागेवर आहे. मूळ बॅच फाइलचं टास्क चालू करा. 'एक्स्ट्रा फाइल' अशा ओळी भरमसाट यायला लागल्या तर टास्क बंदच ठेवा आणि डी, एफ चे सिरियल नंबर पुन्हा कागदाशी ताडा.